अर्ली अ‍ॅक्सेस संपून पूर्ण आवृत्ती येताना जुने इन्स्टॉलर ठेवावेत का?

वारज्याचा_वाटाड्या (प्रश्न)

नमस्कार मंडळी. साधारण अडीच वर्षांपूर्वी मी गॉग या गेमच्या ऑनलाइन दुकानातून नगररचनेचा एक गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट अवस्थेतच विक्रीला असताना, विकत घेतला. पुढच्या महिन्यात त्याची १.० म्हणजे पूर्ण आवृत्ती येणार आहे. नकाशाची रचना मुळापासून बदलल्यामुळे जुने सेव्ह (साठवून ठेवलेले खेळ) नव्या आवृत्तीत उघडणार नाहीत, हे गेम बनवणाऱ्यांनी आताच सांगून टाकले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अर्धवट गेम विकत घेताना हे गृहीत धरलेच पाहिजे.

अडचण अशी आहे की या गेममध्ये मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने दोन पावसाळे खपून एक गाव उभे केले आहे. नदीच्या एका काठाला पुण्याच्या पेठांसारखी दाट वस्ती आहे, दुसऱ्या काठाला डेक्कनसारखे रुंद रस्ते आहेत, आणि मध्ये लकडी पुलाच्या जागी जो पूल बांधला आहे त्यावर गेममधल्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले की खऱ्या पुलासारखीच वाहने तुंबतात. बहीण आता नोकरीनिमित्त नागपुरास असते. ती दिवाळीला घरी आली की हे गाव उघडायचे, असे आमचे ठरलेले आहे. त्या सेव्हची फाइल जेमतेम ३८ एमबीची आहे, पण ती उघडण्यासाठी जुनी आवृत्ती लागणार.

मागे दुसऱ्या एका गेमच्या वेळी मी काहीच जपून ठेवले नव्हते. विकत घेतला आहे, म्हणजे लायब्ररीत राहीलच, असे समजून गाफील राहिलो आणि पूर्ण आवृत्ती आल्यावर तोंडघशी पडलो. या वेळी मात्र ताकही फुंकून पितो आहे. प्रत्येक सुधारणेनंतर मी ऑफलाइन इन्स्टॉलर (नेटशिवाय गेम बसवता येईल असा फाइलींचा संच) उतरवून घेत गेलो. आज ५०० जीबीच्या बाह्य हार्ड डिस्कवर असे ११ इन्स्टॉलर साठले आहेत. प्रत्येकात एक छोटी ईएक्सई फाइल आणि तिच्यासोबत ४ बिन फाइली असून एकेक संच साधारण १४ जीबीचा होतो. त्याच डिस्कवर आई-बाबांचे सगळे फोटो आहेत आणि जागा उरली आहे ९ जीबी. घरात अर्थातच विचारणा सुरू झाली आहे.

हे सगळे अकरा संच ठेवण्यात काही अर्थ आहे का, की शेवटचा एकच पुरेल? नवी आवृत्ती जुनीच्याच फोल्डरमध्ये टाकली तर चालेल का? आणि इन्स्टॉलर डिस्कवर आहे म्हणजे बॅकअप झाला, असे धरून चालावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भांडारकर_रस्ता

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची दोन उत्तरे त्यातूनच निघतात. नुसता इन्स्टॉलर म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्हाला जपायचे आहे ते गाव. इन्स्टॉलर ही फक्त त्या गावाची किल्ली आहे. त्यामुळे सेव्ह आणि तो सेव्ह ज्या आवृत्तीत शेवटचा साठवला गेला ती आवृत्ती, ही जोडी एकत्र राहिली पाहिजे. दोहोंपैकी एकच हाती उरले तर त्याचा उपयोग नाही. याच न्यायाने शेवटचा सोडून बाकीचे दहा संच तुमच्या दृष्टीने अडगळ आहेत, कारण त्यांत तुमचे आजचे गाव बहुधा उघडणारच नाही. जुनी आवृत्ती पुढच्या आवृत्तीचा सेव्ह वाचू शकेल, याची खात्री सहसा कोणीच देत नाही.

आता वेळेविषयी. गॉगच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जे ऑफलाइन इन्स्टॉलर दिसतात ते सामान्यतः चालू आवृत्तीचे असतात. नवा संच आला की जुना त्या यादीतून जातो. गॅलॅक्सी या त्यांच्या प्रोग्रॅममधून बऱ्याच गेमची मागची आवृत्ती निवडता येते हे खरे, परंतु ती सोय गॅलॅक्सी, तुमचे खाते आणि त्यांचा सर्व्हर या तिन्हींवर अवलंबून आहे. माळ्यावर ठेवता येईल असा इन्स्टॉलर त्यातून मिळत नाही. शिवाय ऑफलाइन इन्स्टॉलर काही वेळा गॅलॅक्सीवरच्या आवृत्तीच्या एक पाऊल मागे असतो, आणि नेमके इथेच लोक फसतात. तुम्ही गॅलॅक्सीतून ०.८.४ खेळत असाल आणि डिस्कवरचा शेवटचा संच ०.८.३ चा असेल, तर दिवाळीत गाव उघडणार नाही. गेमच्या मुख्य पडद्यावरचा आवृत्ती क्रमांक आणि इन्स्टॉलरच्या नावातला क्रमांक आजच शेजारी ठेवून ताडून पाहा. गॉगच्या फाइलनावात आवृत्तीनंतर कंसात आणखी एक आकडा असतो, तोही टिपून ठेवा.

स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून अर्ली अ‍ॅक्सेसचे गेम घेणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. स्टीममध्ये बॅकअपची सोय आहे, पण तो बॅकअप परत बसवायला स्टीम लागतेच, आणि जोडणी मिळताच ते गेमला चालू आवृत्तीवर नेऊ पाहते. म्हणजे त्या सोयीने डाउनलोडचा वेळ वाचतो, जुनी आवृत्ती वाचत नाही. गेम बनवणाऱ्यांनी जुनी आवृत्ती वेगळी शाखा म्हणून ठेवली असेल तर ती गुणधर्मांच्या खिडकीत बीटा या भागात सापडते. ठेवायची की नाही, ही मात्र सर्वस्वी त्यांची मर्जी.

उदाहरण म्हणून बाल्डर्स गेट ३ घ्या. तो ६ ऑक्टोबर २०२० रोजी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी पीसीवर पूर्ण प्रसिद्ध झाला. मधल्या काळात खेळाडूंना फक्त पहिला अंक खेळायला मिळत होता. पूर्ण आवृत्तीत ते सेव्ह चालले नाहीत, आणि नवा गेम टाकण्यापूर्वी जुना गेम व जुने सेव्ह काढून टाकावेत, असे तो बनवणाऱ्या लॅरियनने स्वतःच सुचवले होते. याउलट फॅक्टोरिओचे पाहा. १४ ऑगस्ट २०२० रोजी त्याची १.० आली, तरी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खरेदीदाराला जुन्या आवृत्त्या आजही उतरवून घेता येतात. माइनक्राफ्टचा लाँचर तर २०११ च्या पूर्ण प्रसिद्धीच्या आधीच्या अल्फा आणि बीटा आवृत्त्याही देतो. पण ही दानत सगळ्यांकडे असते असे धरून चालू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. जुनीच्या फोल्डरमध्ये नवी टाकू नका. गॉगचे विंडोजसाठीचे इन्स्टॉलर इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनावर बेतलेले असतात आणि तोच गेम पुन्हा टाकताना ते आधीच्याच फोल्डरचे नाव आपण होऊन सुचवतात. घाईघाईत पुढे-पुढे दाबत गेलात तर नव्या फाइली जुन्यांवर बसतील आणि नव्या आवृत्तीला नको असलेल्या काही जुन्या फाइली तिथेच राहून जातील. पुढे गेम मध्येच बंद पडू लागला की दोष कुणाचा, हे शोधत बसावे लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे राहिलेच. सेव्ह बहुधा गेमच्या फोल्डरमध्ये नसतातच. युनिटी या गेम बनवण्याच्या साधनावर बनवलेल्या गेमचे सेव्ह विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या लोकल-लो या उपफोल्डरात, अनरीअलवरचे बरेचसे लोकलमध्ये, तर काहींचे डॉक्युमेंट्समध्ये असतात. अ‍ॅपडेटा विंडोज लपवून ठेवते, म्हणून अनेकांना ते असते हेच माहीत नसते. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी हे फोल्डर दुसरीकडे नकलून घ्या आणि क्लाउड सिंक (सेव्ह आपोआप दुकानाच्या सर्व्हरवर चढवण्याची सोय) बंद करा. नव्या गेमने जुने सेव्ह निकामी ठरवून काढले, तर क्लाउड तीच पुसापुशी इमानेइतबारे वरही करील.

तापकीर_गल्ली

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फाइलींच्या प्रकृतीविषयी लिहितो, कारण माझा हात तिथे पोळला आहे.

तीन वर्षांपूर्वी एका गेमचा शेवटचा अर्ली अ‍ॅक्सेस संच मी डिस्कवर टाकत होतो. तो गुरुवार होता, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते हे पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने विसरू नये. नक्कल ९७ टक्क्यांवर असताना वीज गेली. परत आल्यावर पाहिले तर फोल्डरात सगळ्या फाइली होत्या, शेवटच्या फाइलीचा आकारही बरोबर दिसत होता, म्हणून मी मूळ फाइली निर्धास्तपणे पुसल्या. आठ महिन्यांनी इन्स्टॉलर चालवला तेव्हा पट्टी बरीच पुढे सरकली आणि मग सोर्स फाइल खराब असल्याचा संदेश आला. विंडोजने फाइलीसाठी जागा आधीच राखून ठेवली होती, तिच्यात मजकूर मात्र पुरता उतरला नव्हता. दुकानाकडे तोवर फक्त पूर्ण आवृत्ती होती.

तेव्हापासून मी आकारावर विश्वास ठेवत नाही, हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण) काढतो. विंडोजमध्ये वेगळे काही बसवावे लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा, तिला हॅशफाइल हा पर्याय, पुढे फाइलीचे नाव आणि शेवटी एसएचए२५६ असे दिले की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. मूळ फाइलीची आणि नकलेची ओळ तंतोतंत जुळली तरच नक्कल खरी. एका बिटाचाही फरक असेल तर ती ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते, त्यामुळे जुळली का हे पाहायला पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहिली तरी व्यवहारात भागते. या ओळी एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ती इन्स्टॉलरच्या शेजारीच ठेवावी आणि वर्षातून एकदा पुन्हा पडताळावी.

बिन फाइली ४ जीबीच्या आत तोडलेल्या का असतात, असा प्रश्न कुणाला पडला असेल, तर त्याचे उत्तर फॅट३२ मध्ये आहे. त्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावतच नाही. मात्र हे तुकडे सुटे नाहीत. चारपैकी एक हरवला तर उरलेले तीन निरुपयोगी, आणि त्यांची नावे बदलली तर ईएक्सईला ते सापडत नाहीत. नीटनेटकेपणाच्या हौसेपोटी माझ्या एका मित्राने सगळ्या फाइलींना मराठी नावे दिली होती. पुढचे सांगायला नको.

एकमेव प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू नये, हेही सांगून ठेवतो. फ्लॅश स्मृतीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिली तर तो भार झिरपतो. कपाटात ठेवायला साधी फिरती हार्ड डिस्क बरी, मात्र आपल्या पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात असावी. आणि आई-बाबांचे फोटो त्याच एका डिस्कवर असतील, तर गेमच्या आधी त्यांची दुसरी प्रत काढा. गेमपायी ती डिस्क पडली-झडली, तर घरात तुम्हाला कोणी माफ करणार नाही.

शिवाजीनगरचा_वकील

कायद्याचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मधील खंड (एए) नुसार, संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या ताब्यात कायदेशीररीत्या आहे त्याने ती हरवू, नष्ट होऊ किंवा बिघडू नये एवढ्यापुरती तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. अट अशी की ती प्रत मूळ ज्या कारणासाठी दिली गेली त्याच कारणासाठी वापरायची. म्हणजे तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर स्वतःच्या डिस्कवर जपला तर मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

परंतु तीच प्रत बहिणीच्या संगणकावर बसवून देणे ही निराळी गोष्ट आहे. त्या कृतीला वरील खंडाची ढाल सहज मिळणार नाही. त्यासाठी दुकानाच्या आणि गेमच्या अटी वाचाव्या लागतील. तुमचा सेव्ह तिला पाठवा, त्याला माझ्या मते कोणी हरकत घेणार नाही. डिस्क तिच्या घरी नुसती सांभाळायला ठेवणे आणि तिने त्यावरून गेम बसवणे, यांतला फरक तेवढा ध्यानात असू द्यावा.

माळ्यावरचा_खोका

बाकीचे दहा संच अडगळ आहेत, या मताशी मी असहमत आहे. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये गेम जसा घडत जातो तसा तो पुन्हा कुठेही पाहायला मिळत नाही. एखादी यंत्रणा चार महिने असते आणि मग खेळाडूंना आवडली नाही म्हणून काढली जाते; एखादे संगीत बदलते, एखादा अख्खा नकाशा गळतो. चित्रकाराची कच्ची रेखाटने आपण जपतो, मग ही का टाकायची? दुकाने जुन्या प्रती ठेवत नाहीत आणि बनवणारेही पुष्कळदा ठेवत नाहीत, म्हणजे खेळाडूच्या डिस्कवर जे उरेल तेच उरते.

जागेचा प्रश्न असेल तर किमान पहिला संच तरी ठेवा. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून पाहण्यात जी मजा आहे ती मधल्या नऊंत नाही, हे मीही मान्य करतो. प्रत्येक आवृत्तीसोबत आलेली बदलांची यादी मात्र अकराही आवृत्त्यांची नकलून घ्या. ती काही केबींची असते आणि इन्स्टॉलरच्याही आधी नाहीशी होते.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. इनोएक्स्ट्रॅक्ट नावाचे साधन गॉगचा विंडोज इन्स्टॉलर न चालवता उलगडते, आणि त्यात फाइली न काढता फक्त तपासून पाहण्याचाही पर्याय आहे. इन्स्टॉलर इनो सेटअपच्या फार नव्या आवृत्तीत बांधलेला असेल तर ते साधन कधी कधी अडते. त्यामुळे तपासणी अयशस्वी झाली तर लगेच फाइल खराब असल्याचा निष्कर्ष काढू नये.

भांडारकर_रस्ता

खोकेसाहेबांचा मुद्दा मान्य. मी गावापुरता विचार केला होता, गेमच्या इतिहासाचा केला नव्हता. तरीही धागाकर्त्यांनी आधी जोडी वाचवावी आणि मग रेखाटनांकडे वळावे, हा क्रम सोडू नये. आणि एक राहिले. गेमसोबत घेतलेली जोड-सामग्री असेल, तर तिचा इन्स्टॉलर वेगळा असतो आणि तोही त्याच आवृत्तीचा लागतो. हे सगळे जमवून झाले की नेट बंद करून, जिथे हा गेम कधीच नव्हता अशा संगणकावर तो एकदा बसवून पाहा. तुमच्या रोजच्या संगणकावर आधीच्या गेमनी आणून ठेवलेल्या कितीतरी पूरक फाइली असतात, त्यामुळे तिथली चाचणी खोटा दिलासा देते.

वारज्याचा_वाटाड्या

सर्वांचे आभार. दहा दिवसांत काय केले ते कळवतो, कारण अशाच अडचणीत सापडलेला आणखी कोणी हा धागा शोधत येईल.

वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून बहिणीने स्वतःच गेम विकत घेतला. पूर्ण आवृत्ती आल्यावर किंमत वाढणार असे जाहीर झालेले आहे, त्यामुळे तिलाही आताच घेणे परवडले. तिने नागपुरात आपल्या खात्यातून तोच शेवटचा संच उतरवला. मग एका रात्री फोनवर आम्ही दोघांनी पाचही फाइलींचे हॅश एकमेकांना वाचून दाखवले. ईएक्सई जुळली, पहिली बिन जुळली, दुसरी जुळली. तिसरीची सुरुवात तिच्याकडे ७एफ, माझ्याकडे सी२. मला वाटले माझे ऐकण्यात चुकले, म्हणून तिला पुन्हा वाचायला सांगितले. चुकले नव्हते. जो संच मी निर्धास्तपणे बॅकअप म्हणून मिरवत होतो त्याची तिसरी फाइल खराब निघाली. आकार मात्र बाइटपर्यंत सारखा होता. ती एक फाइल मी पुन्हा उतरवली आणि या वेळी ओळ जुळली. पूर्ण आवृत्तीला अजून अवकाश होता म्हणून हे जमले.

आवृत्ती क्रमांकाचीही शंका खरी ठरली असती, परंतु थोडक्यात निभावले. गॅलॅक्सीत मी ०.८.४ खेळत होतो आणि डिस्कवर ०.८.४ होती, पण कंसातला आकडा वेगळा होता. सेव्ह दोन्हींत उघडला.

चाचणीसाठी बाबांचा जुना लॅपटॉप घेतला, वाय-फाय बंद केले आणि गेम बसवला. पहिल्यांदा गेम सुरूच झाला नाही. व्हिज्युअल सी++ ची एक पूरक फाइल नसल्याची तक्रार आली. मायक्रोसॉफ्टचा तो छोटा इन्स्टॉलर आता त्याच फोल्डरात ठेवला आहे. त्यानंतर गेम चालू झाला, पण गाव दिसेना, कारण सेव्ह मी डॉक्युमेंट्समध्ये टाकला होता आणि गेम तो लोकल-लोमध्ये शोधत होता. योग्य जागी ठेवल्यावर गाव उघडले. त्या लॅपटॉपवर चित्र सेकंदाला जेमतेम १२ वेळा बदलते, पण गेममध्ये सहा वाजले आणि पुलावर रांग लागली.

मधले नऊ संच काल पुसले. पहिला खोकेसाहेबांसाठी ठेवला, शेवटचा आमच्यासाठी. बदलांच्या अकरा याद्या एका टेक्स्ट फाइलीत घेतल्या. फोटोंच्या डिस्कवर आता १३५ जीबी मोकळी आहे, आणि फोटोंची दुसरी प्रत काढायची म्हणून नवी डिस्क आणायला शनिवारी बाबांबरोबर तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जातो आहे.